पादचाऱ्यांविषयीचे सरकारी वाङ्मय

काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र यांचे परीक्षण करावयाचे आणि सरकारी कागदास मात्र वाङ्मयाच्या पंगतीबाहेर बसवावयाचे, असा आमच्याकडील टीकाकारांचा जुना प्रघात आहे. हा प्रघात आम्हांस तितकासा न्याय्य वाटत नाही. कादंबरी फसली तर वाचकाच्या दोन संध्याकाळी फुकट जातात. धोरणाची भाषा फसली तर तिचे परिणाम ते धोरण कधीही हाती न धरणाऱ्या माणसास भोगावे लागतात. शहरांतून पायी चालणे व सायकल चालविणे यांस उत्तेजन देण्याच्या हेतूने गेल्या वीस वर्षांत सरकारदरबारी बरेच लेखन झाले आहे. त्याचा लेखन म्हणूनच विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

या शाखेचा आद्यग्रंथ म्हणजे केंद्र सरकारचे २००६ सालचे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण. त्याच्या छायेत पुढे निरनिराळ्या शहरांनी आपापले कागद तयार केले. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांविषयीचे धोरण व रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. आम्ही मुख्यतः पुण्याकडेच पाहणार आहोत. ज्या शहराची सायकलींचे शहर म्हणून एके काळी ख्याती होती, त्या शहरास सायकलीवर बसण्याचे उत्तेजन देण्यासाठी आराखडा लिहावा लागावा, या योगायोगात बोध घेण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम नामकरण पाहू. चालणे, सायकल, हातगाडी, सायकलरिक्षा या सर्वांस मिळून धोरणकर्त्यांनी जे एक इंग्रजी नाव दिले आहे, त्याचे मराठी करावयाचे तर ‘मोटारविरहित परिवहन’ असे होते. मनुष्याच्या सर्वांत जुन्या गतीची ओळख तिच्यात काय नाही एवढ्यावरून करून देणे, हे दुधास ‘मद्यविरहित पेय’ म्हणण्यासारखे आहे. कोणी म्हणेल, नावात काय आहे? आमच्या मते बरेच काही आहे. ज्याचे नाव अभावरूप, त्याची जागाही कागदावर अभावरूपच राहते. आराखड्यात मोटारींसाठी जी रुंदी लागेल ती आधी टाकली जाते आणि शेष राहिलेल्या पट्ट्यास पदपथ म्हणतात. उरली नाही तर पदपथही राहत नाही. आमच्या भाषेत पांथस्थ आहे, वाटसरू आहे, वारकरी आहे. हे सारे शब्द चालणाऱ्यास चालणाराच म्हणतात.

या आद्यग्रंथास न्याय मात्र दिला पाहिजे. रस्त्याची वाटणी वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने व्हावी, हे तत्त्व केंद्र सरकारने २००६ मध्ये स्वच्छ शब्दांत मान्य केले, ही गोष्ट लहान नाही. तीस माणसे भरलेली बस आणि एक माणूस बसलेली मोटार यांना सारखेच ‘एक वाहन’ मोजणारी दृष्टी त्या एका वाक्याने निदान कागदावर तरी मोडली. धोरणातील निदानही खोटे नाही. शहरांतील एकूण प्रवासांत सायकलीचा वाटा १९९४ मध्ये सुमारे ३० टक्के होता, तो ११ टक्क्यांच्याही खाली आला, असे ते सांगते. याची कारणे देताना ते लोकांच्या आळसावर ठपका ठेवीत नाही. अंतरे वाढली, आणि मोटारींच्याच वाटेने सायकल हाकणे जिवावरचे झाले, हे ते कबूल करते. आणखी एका ठिकाणी तर हा रुक्ष कागद अनपेक्षितपणे हळवा होतो. सायकलींच्या मार्गालगत सावली देणारी झाडे, पिण्याचे पाणी व विसाव्याच्या जागा असाव्यात, म्हणजे उन्हापावसाचा जाच कमी होईल, अशी सूचना त्यात आहे. वाटेवर वृक्ष लावावेत, पाणपोया घालाव्यात, हा तर आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पुण्यमार्ग. दिल्लीच्या एका परिवहनविषयक मसुद्यात तो भेटावा, याचे आम्हांस मनापासून कौतुक वाटले.

परंतु हे कौतुक क्रियापदापाशी येऊन थबकते. असे करण्याचा ‘शोध घेतला जाईल’, अशा सोयींना ‘उत्तेजन दिले जाईल’, अशा घाटणीने वाक्ये संपतात. कोण घेईल, कोण देईल, केव्हा, किती कोसांवर एक पाणपोई, हे विचारू नये. व्याकरणात कर्मणी प्रयोग निर्दोष आहे. राज्यकारभारात तो कर्ता लपविण्याच्या कामी येतो.

आता ‘उत्तेजन’ या शब्दाकडे वळू, कारण आमचा मुख्य वाद त्याच्याशीच आहे. पुण्यास हा शब्द अपरिचित नाही. येथे वक्तृत्वोत्तेजक सभा झाली, ग्रंथोत्तेजक संस्था झाली. जी गोष्ट लोक करीत नाहीत, पण केली तर त्यांचे व समाजाचे कल्याण होईल, तीस उत्तेजन द्यावयाचे असते. चालणे या प्रकारात मोडते काय? २०११ च्या जनगणनेप्रमाणे, शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामांवर जाणाऱ्या आमच्या देशबांधवांपैकी पाचांत एकाहून अधिक लोक पायी जात होते, आणि सुमारे आठांत एक सायकलीने. शाळेस जाणारी मुले, भाजीस जाणाऱ्या गृहिणी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया यांची गणती यात पुरतेपणी होतही नाही. बसने अथवा लोकलने जाणाराही दोन्ही टोकांस चालतोच. ही सारी माणसे कोणी उत्तेजन दिल्यावाचून चालत आहेत. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी अपघातांत मृत्युमुखी पडले, असे केंद्रीय परिवहन खात्याचाच अहवाल सांगतो. ज्या कामात वर्षाकाठी इतकी माणसे दगावतात ते काम करण्यास माणसास उत्तेजन देणे, ही कल्पना विनोदी आहे की भयंकर, हे आम्हांस ठरविता येत नाही.

उत्तेजनाची भाषा अशा रीतीने चुकीच्या माणसाशी बोलते. ती चालणाऱ्यास सांगते की चालणे आरोग्यास हितकर आहे, हवेस हितकर आहे, खिशासही हितकर आहे. चालणाऱ्यास यांतील एकही गोष्ट नवी नाही. ज्याच्याशी बोलावयास हवे तो मोटारीत बसलेला आहे, दुचाकी पदपथावर चढवितो आहे, दुकानासमोरची सार्वजनिक जमीन फुकटात आपल्या गाडीस राखून ठेवतो आहे. त्यास उद्देशून या वाङ्मयात फारच थोडी वाक्ये आढळतात. आणि आम्ही उघड बोलावयाचे तर, तो गृहस्थ बहुधा आमच्या वाचकांतीलच आहे.

जुन्या पुण्याची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे कॉलेजातले विद्यार्थी, कचेऱ्यांतले कारकून, शाळामास्तर, दूधवाले हे सारे सायकलीवर असत. त्या वेळी सरकारचे सायकलविषयक धोरण काय होते? नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देई. तो लावलेला नसला तर दंड. दिवेलागणीनंतर दिव्यावाचून निघाले तर पोलीस अडवी. मित्रास पुढच्या दांडीवर बसवून डबलसीट नेले तर पुनः दंड. उत्तेजन म्हणावे असे यात काही नव्हते. होता तो जाचच. तरी सायकली होत्या, कारण शहर लहान होते, मोटारी थोड्या होत्या, आणि रस्ता सायकलस्वारास भीती घालीत नव्हता. पुढे १९७२ मध्ये लुना आली. आकुर्डीच्या कारखान्यातील स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबत असत. कालांतराने तीही रांग संपली, आणि सायकल माळ्यावर गेली.

तिच्याविषयी हळहळताना आमचे काही मित्र जो सूर लावतात तो मात्र आम्हांस मान्य नाही. दुचाकीने या शहरातील स्त्रीस, वडिलांनी अथवा भावाने पोहोचविण्याची वाट न पाहता, हवे तेव्हा हवे तेथे जाण्याची मुभा दिली. संध्याकाळी उशिरापर्यंत नोकरी करणारी मुलगी स्कूटरवरून निर्धास्तपणे घरी येते, तीस सायकलीचे सद्गुण ऐकवणे हा शहाणपणा नव्हे. शिवाय कोथरुडात घर आणि हिंजवडीस कचेरी अशी ज्याची विभागणी झाली, त्यास भर उन्हाळ्यात सायकल हाकण्याचा उपदेश करणारा स्वतः काय करतो, हेही पाहावे लागेल. शहर असे ताणले गेले यात त्या नोकरदाराचा दोष नाही. परंतु शहरातील प्रत्येक फेरी हिंजवडीची नसते. मुलास क्लासला सोडणे, दूध आणणे, पेठेतल्या पेठेत जाणे या मैल-दीड मैलाच्या फेऱ्याही आज स्कूटरवरच होतात, कारण तेवढे अंतर सुखाने चालता येईल असा सलग पदपथ नाही. प्रश्न आहे तो या लहान फेऱ्यांचा.

लिहिलेले प्रत्यक्षात उतरले ते कसे, तेही पाहावे. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून पुण्यास पैसा मिळाला, २००६ च्या अखेरीस बसगाड्यांसाठी राखीव मार्ग सुरू झाला, आणि त्या रस्त्यांच्या कडेने सायकलमार्गही बांधले गेले. हे मार्ग म्हणजे एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कोठे मार्गाच्या मध्यभागी झाड, कोठे विजेची पेटी, कोठे बसथांब्याच्या पाठीशी येऊन मार्ग एकाएकी अंतर्धान पावतो, तो पुनः कोठे प्रकट होईल हे सायकलस्वाराने तर्काने जाणावे. अर्धवट सोडलेली कादंबरी निदान कोणाच्या अंगावर ट्रक घालीत नाही. पुढे २०१७ च्या अखेरीपासून भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या. ॲपवर कुलूप उघडावे, हवे तेथे जावे, सायकल तेथेच सोडावी, अशी ती योजना होती. रंगीबेरंगी सायकलींनी काही महिने शहर शोभले, छायाचित्रे निघाली, आणि दोनतीन वर्षांच्या आत त्या बहुतेक नाहीशा झाल्या. मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या, हे खरेच. पण सायकली आणून ठेवल्या आणि त्या चालविण्याची वाट तशीच ठेवली, ही त्यातील मूळ गोम होती.

इतर शहरांचे अनुभव याहून विलक्षण आहेत. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे स्थानकाबाहेर पहिला आकाशमार्ग उभा राहिला आणि मग त्यांची मालिकाच सुरू झाली. पादचाऱ्याच्या सोयीसाठी ते बांधले असे सांगतात. रेल्वेच्या पुलावरून उतरलेल्या गर्दीस ते काही ठिकाणी उपयोगी पडले, हेही नाकबूल करता येत नाही. परंतु रस्त्यावरून चालणे अशक्य झाले म्हणून चालणाऱ्यासच जिने चढवून वर नेऊन ठेवावयाचे, यात सोय नक्की कोणाची झाली? कलकत्त्याने तर आडपडदाच ठेवला नाही. माणसांना अग्रक्रम देणारे राष्ट्रीय धोरण जारी असतानाच, २०१३ मध्ये तेथे १७४ रस्त्यांवर सायकलींस मज्जाव झाला. वाहतुकीस अडथळा होतो, हे कारण. म्हणजे सायकल ही वाहतूक नव्हे, वाहतुकीतला खडा!

तसेच पाहिले तर चांगला रस्ता आम्हांस बांधताच येत नाही असे नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर जुनी झाडे राखून रुंद पदपथ केले, बसावयास बाके ठेवली, आणि संध्याकाळी तेथे म्हातारी माणसे, मुले, कॉलेजातील जोडपी यांची जी वर्दळ दिसते, ती कोणत्याही उत्तेजनपर पत्रकाने आणलेली नाही. मात्र त्याच पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून खुंट रोवावे लागले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या संहितेप्रमाणे पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीची निर्वेध वाट हवी, आणि त्याची कड १५० मिलिमीटरहून, म्हणजे वीतभराहूनही, उंच नसावी. आमच्या वाचकांनी आपल्या आळीतील पदपथ एकदा टेप लावून मोजावा. गुडघे दुखणारी आजी रस्त्याच्या कडेने चालते, पदपथावरून नव्हे. त्याचे कारण तिचा हट्ट नसून ती उंची आहे. दर शंभर पावलांवर एखाद्या फाटकापाशी उतरावे, पुनः चढावे, असा तो पदपथ म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला जिनाच होय. पदपथ अडविल्याचा दोष भाजीवाल्याच्या टोपलीस देण्याची चाल आहे, तीही आम्हांस एकांगी वाटते. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याप्रमाणे त्यास जागा नेमून देता येते. उभ्या करून ठेवलेल्या मोटारीच्या हक्काचा कोणता कायदा आहे?

लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबर २०२१ मध्ये महानगरपालिकेने पादचारी दिन पाळला. काही तास वाहने बंद, रस्त्याच्या मधोमध मुले खेळतात, बायका मोकळेपणी खरेदी करतात, असे दृश्य शहराने पाहिले, आणि तेव्हापासून हा दिवस साजरा होऊ लागला. उपक्रम चांगला आहे. पण वर्षातून एक दिवस ज्याचा, उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कोणाचे, हेही त्यातून आपोआप जाहीर होते. आषाढी वारीच्या पालख्या शहरात येतात तेव्हा पोलीस रस्ते बंद करतात, मोटारी मुकाट्याने दुसरीकडून जातात, आणि त्या दिवशी चालणाऱ्यास मान देण्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. ‘आमच्या शहरात हे शक्य नाही’ असे म्हणणाऱ्यांनी तो दिवस डोळ्यांपुढे आणावा.

परदेशचा एकच दाखला देतो, कारण तो नेहमी उलटा सांगितला जातो. हॉलंडातील लोक स्वभावतःच सायकलवेडे, त्यांचा देश सपाट, तेव्हा त्यांचे आम्हांस काय, असे म्हणतात. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातही मोटारींनी रस्ते व्यापले, सायकली झपाट्याने कमी झाल्या. १९७१ मध्ये तेथे रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यात येऊन उभे राहिले. त्यातच १९७३ च्या तेलटंचाईने रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो याची लोकांस आठवण झाली. त्यानंतर हेग, टिलबर्ग, डेल्फ्ट या शहरांतून स्वतंत्र सायकलमार्गांचे प्रयोग झाले. त्या चळवळीच्या नावात उत्तेजन नाही, आरोग्य नाही, पर्यावरण नाही; कोण मरते आहे आणि काय थांबवावयाचे आहे, एवढेच आहे. लेखन म्हणून पाहिले तरी ते तीन शब्द आमच्या सर्व आराखड्यांहून सरस आहेत.

घरच्या लेखनात चेन्नईचे २०१४ चे धोरण आम्हांस त्यामानाने पसंत आहे. परिवहनावरील खर्चाचा ६० टक्के भाग पादचारी व सायकलस्वार यांच्या सोयींकडे लावावयाचा, असे त्या महानगरपालिकेने त्यात लिहून ठेविले. आकडा लिहिला म्हणजे तो पाळला गेला असे नव्हे; परंतु आकडा लिहिणाऱ्यास जाब विचारता येतो.

कायद्याची भाषाही हळूहळू बदलत आहे, सरळ रेषेत मात्र नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये एक पोटकलम घातले गेले. त्यान्वये राज्य सरकारांनी पादचारी व यंत्राने न चालणारी वाहने यांच्या वावराचे नियमन करणारे नियम करावयाचे आहेत. येथेही नियमन व्हावयाचे ते चालणाऱ्याचेच! उलट मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले, आणि राज्यांना त्याविषयी नियम करण्यास बजावले. उत्तेजन आणि हक्क या दोन शब्दांत जे अंतर आहे तेच या सर्व वाङ्मयाचे मर्म आहे. उत्तेजन देणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि ते देताना कोणाचे काही काढून घ्यावे लागत नाही. हक्क मान्य केला की वीस मीटर रुंदीच्या रस्त्यातील किती मीटर कोणाकडून परत घ्यावयाचे, हा अप्रिय प्रश्न त्याच दिवशी पुढे येतो.

हा अप्रिय प्रश्न पुण्यात एकदा कागदावर आला होता. २०१८ च्या मार्चमध्ये महानगरपालिकेपुढे पार्किंगचे धोरण आले. रस्त्यावर गाडी उभी करावयाची तर त्या जागेचे भाडे द्यावे, एवढाच त्याचा आशय. पादचारी धोरणाच्या व सायकल आराखड्याच्या मानाने ते अगदीच नीरस लेखन. त्यात सावली नाही, पाणपोई नाही, निरोगी नागरिकाचे चित्र नाही. शहराचे भाग पाडले आहेत आणि वाहनपरत्वे तासाचे दर दिले आहेत. त्याविरुद्ध मात्र लगोलग गहजब झाला, निदर्शने झाली, आणि मुख्य सभेतून ते बाहेर पडले तेव्हा पाच रस्त्यांपुरते उरले होते. त्या पाच रस्त्यांवरही ते पुढे वर्षानुवर्षे अमलात आले नाही. या सर्व कागदांत ज्याचे प्रत्येक वाक्य नेमके कोणाशी बोलत आहे हे वाचणारास तत्काळ समजले, असा आम्हांस हा एकच कागद आढळला. महानगरपालिकेच्या कपाटात तो अद्याप असेलच. पादचाऱ्यांसाठी पुढचे धोरण लिहावयास बसणाऱ्यांनी दरपत्रकासह तो आधी वाचावा, आणि पाचाचे पन्नास रस्ते कसे होतील याचा हिशेब त्याच्या समासात मांडण्यास आरंभ करावा.